नेफाटाफ्ल : व्हायकिंग लोकांचा राजा-वेढ्याचा खेळ, इथे कोणी खेळतं का?

ऋतुगंधा

बुद्धिबळ, कॅरम, मेंढीकोट सगळ्यावर इथे धागे आहेत पण नेफाटाफ्लवर एकही सापडला नाही, म्हणून हा काढतेय. मी स्वीडनमध्ये उप्सालाला राहते. डिसेंबरात इथे दुपारी तीनलाच अंधार पडतो, मग कोणाच्या तरी घरी जमायचं, सूप प्यायचं आणि पट मांडायचा असा आमचा एक ग्रुप तयार झालाय. दोन स्वीडिश मित्र, एक फिनिश मैत्रीण, मी आणि नवरा, आणि नवऱ्याचा कोल्हापूरचा एक मित्र. आधी दुकानात मिळतात ते नवेनवे बोर्ड गेम खेळायचो, पण गेल्या हिवाळ्यात त्या स्वीडिश मित्राने हा खेळ आणला आणि तेव्हापासून बाकीची खोकी कपाटातच आहेत.

खेळ असा आहे. आम्ही ज्यावर शिकलो तो पट ९ बाय ९ घरांचा, सगळी घरं एकाच रंगाची चालतात. बरोब्बर मधल्या घरात राजा. राजाच्या चारही बाजूंना दोन-दोन सोंगट्या, म्हणजे त्याचे आठ रक्षक. आणि पटाच्या चारही काठांवर मधोमध तीन-तीन आणि त्यांच्या पुढ्यात एक-एक अशा चार-चार, एकूण १६ हल्लेखोर. म्हणजे मधली ओळ बघितली तर हल्लेखोर, हल्लेखोर, रक्षक, रक्षक, राजा, रक्षक, रक्षक, हल्लेखोर, हल्लेखोर अशी आख्खी भरलेली असते. मांडलेला पटच इतका देखणा दिसतो की फोटो काढल्याशिवाय राहवत नाही.

सगळ्या सोंगट्या बुद्धिबळातल्या हत्तीसारख्या चालतात, उभं किंवा आडवं, वाट मोकळी असेल तिथपर्यंत. तिरकं कोणीच जात नाही. मारायचं कसं तर समोरच्याच्या सोंगटीला आपल्या दोन सोंगट्यांच्या मध्ये चिमटीत पकडायचं, एका सरळ रेषेत. पण स्वतःहून चालत जाऊन दोन शत्रूंच्या मधल्या घरात बसलात तर मरत नाही, हे नवीन माणूस हमखास विसरतो. राजाने काठ गाठला की राजाची बाजू जिंकली, राजा कोंडला गेला की हल्लेखोर जिंकले. बास. फासे नाहीत, पत्ते नाहीत, नशिबाचा काही भाग नाही.

मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की दोन्ही बाजूंचं काम वेगळं आहे. बुद्धिबळात दोघांकडे तेच सैन्य आणि तोच उद्देश असतो, इथे एकाला फक्त निसटायचंय आणि दुसऱ्याला फक्त अडवायचंय, त्यामुळे बाजू बदलली की डोकं वेगळ्याच दिशेने चालवावं लागतं. आणि माझं ठाम मत झालंय की हा खेळ हल्लेखोरांच्या बाजूने खेळल्याशिवाय कळतच नाही. नवीन येणारा प्रत्येक जण राजा मागतो, कारण राजा म्हटलं की पळापळ आणि मजा, पण खरी अवघड आणि खरी सुंदर बाजू वेढा घालणाऱ्यांची आहे.

तर कोण कोण खेळतं? कुठले नियम वापरता? कारण नियम हा मोठाच विषय आहे, त्यावर पुढे लिहिते.

घोडा_अडीच_घरं

मस्त विषय. मी पुण्यात क्लबमध्ये नियमित बुद्धिबळ खेळतो त्यामुळे लगेच प्रश्न पडला, १६ विरुद्ध ८ हे फेअर कसं काय? शिवाय हल्लेखोरांना पहिली चाल असेल तर अजूनच. आणि जर नियम नक्की माहीतच नसतील तर आपण जे खेळतो ते खरंच व्हायकिंग खेळायचे तेच आहे की आजच्या लोकांनी बसवलेलं काहीतरी?

ऋतुगंधा

दोन्ही प्रश्न अगदी मुद्द्याचे आहेत.

आधी फेअरचं. पहिली चाल आम्ही हल्लेखोरांनाच देतो आणि तरीही नवीन खेळणाऱ्यांत राजाच जास्त वेळा जिंकतो. ९ बाय ९ च्या पटाला काठाची किती घरं आहेत बघा, ३२. राजाला त्यातलं कुठलंही एक हवंय. १६ जणांनी ३२ घरं राखायची, त्यात एकेक जण मरतोय, आणि राजा एका दमात पटभर धावतो. त्यामुळे आकडा दुप्पट असला तरी वेढा पातळ असतो. पण जसजसे लोक मुरतात तसतसं पारडं हल्लेखोरांकडे झुकतं. म्हणून आम्ही एक डाव कधीच खेळत नाही, दोन डावांची जोडी खेळतो, बाजू बदलून. दोघंही राजा असताना जिंकले तर ज्याने कमी चालींत राजा बाहेर काढला तो विजेता. यामुळे तक्रार करायला जागाच राहत नाही.

आता दुसरं. हा ९ बाय ९ चा जो प्रकार आहे त्याचं नाव टॅब्लुट, आणि तो आपल्याला मिळालाय तो कार्ल लिनियसमुळे. तोच तो, झाडांना आणि प्राण्यांना दोन शब्दांची लॅटिन नावं द्यायची पद्धत रुजवणारा. १७३२ च्या मे महिन्यात हा पंचविशीतला माणूस इथून उप्सालाहून निघाला लॅपलँडच्या प्रवासाला, झाडं-शेवाळं-कीटक बघायला, आणि तिथले मूळ रहिवासी असलेल्या सामी लोकांना हा खेळ खेळताना बघून त्याने रोजनिशीत पटाची आकृती काढून नियम टिपून ठेवले. बाकी युरोपात बुद्धिबळ आल्यावर, म्हणजे साधारण अकराव्या-बाराव्या शतकापासून, हा खेळ मागे पडत गेला होता. उत्तरेत सामी लोकांकडे मात्र तो जिवंत होता. राजाच्या बाजूला ते स्वीडिश म्हणायचे आणि हल्लेखोरांना मॉस्कोवाले. त्या माणसाने दोन पानं लिहिली नसती तर आज आपल्याकडे एकाही प्रकाराचे धड नियम नसते, हे मला दर वेळी पट मांडताना आठवतं. त्याची बाग इथे गावातच आहे, मी उन्हाळ्यात जाते तेव्हा झाडांपेक्षा या दोन पानांबद्दलच त्याचे आभार मानते.

लिनियसने एक फार गोड गोष्टही लिहून ठेवलीये. राजाला काठापर्यंत एक वाट मोकळी झाली की खेळणाऱ्याने ‘राइची’ म्हणायचं, म्हणजे समोरच्याला इशारा. आणि दोन वाटा मोकळ्या झाल्या की ‘तुइचु’, म्हणजे संपलं, कारण समोरचा एका चालीत एकच वाट अडवू शकतो. आमच्याकडे हे ओरडून म्हटलं जातं, शेजारी काय समजत असतील देव जाणे.

सांजवात

किती छान लिहिलंयस गं! मी डब्लिनला असते. इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात या खेळाचा एक लाकडी पट आहे, बॅलिन्डेरी नावाच्या ठिकाणी १९३२ साली उत्खननात सापडलेला, दहाव्या शतकातला. मी मुलांना घेऊन गेले होते तेव्हा त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. छोटासाच आहे, ७ बाय ७, पण घरं नाहीत, भोकं आहेत! म्हणजे सोंगट्या खुंटीसारख्या खोचायच्या. मधल्या भोकाभोवती गोल कोरलाय आणि चारही कोपऱ्यांतल्या भोकांभोवती पाव-पाव वर्तुळं. चौकटीवर नक्षी आणि दोन बाजूंना हातात धरायला कोरीव मुंडकी. बोटीत, प्रवासात, हलत्या जागी खेळायला किती सोयीचं असेल ना.

ते कोपरे असे खास दाखवलेत त्यावरून वाटतं की त्या पटावर कोपऱ्यांना काहीतरी महत्त्व होतं, राजाने कोपरा गाठायचा असेल. ७ बाय ७ च्या आयरिश खेळाला ब्रॅन्डव म्हणतात, जुन्या आयरिश कवितांत त्याचा उल्लेख येतो, राजा आणि त्याचे चार, विरुद्ध आठ.

शिंपला

७ बाय ७ आहे हे वाचून आनंद झाला कारण ठाण्यात आमच्याकडे दोन मुलं (८ आणि ११) आणि सुट्टीचे दिवस, मोबाईल हातातून काढायला काहीतरी हवंच होतं. घरी बनवता येईल का? विकत घ्यायचा तर ऑनलाइन फार महाग दिसतोय.

ऋतुगंधा

शिंपला ताई, अगदी आरामात. कार्डबोर्डवर ७ बाय ७ चा चौकोन आखा, मधलं घर आणि चार कोपरे रंगवा. सोंगट्यांना शर्टाची बटणं घ्या, आठ काळी चार पांढरी, आणि राजा म्हणून एखादं कोटाचं मोठं बटण. मांडणी: मधल्या उभ्या ओळीत वरून खाली काळं, काळं, पांढरं, राजा, पांढरं, काळं, काळं, आणि मधल्या आडव्या ओळीतही तसंच. झालं. राजाने कोपरा गाठायचा. मधल्या आणि कोपऱ्यातल्या घरांत राजाशिवाय कोणी थांबायचं नाही. डाव दहा-पंधरा मिनिटांत संपतो म्हणून मुलांना सुरुवात यानेच करून द्या, ११ बाय ११ वर एकदम नेऊ नका, कंटाळतील.

एक सांगते, धाकट्याला आधी काळ्या सोंगट्या द्या. राजा मोठ्याला. दुसऱ्या डावात उलट.

कोकणकडा

धागा बघून लॉगिन केलं. मी स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला असतो, इथून उत्तरेला शेटलंड बेटं आहेत आणि त्यातल्या फेटलार नावाच्या जेमतेम वस्तीच्या बेटावर या खेळाची जागतिक स्पर्धा भरते, २००८ पासून. तिथले ११ बाय ११ चे नियम फेटलार नियम म्हणून ओळखले जातात. २४ हल्लेखोर, १२ रक्षक आणि राजा, राजाने कोपरा गाठायचा, आणि राजाला चारही बाजूंनी घेरल्याशिवाय तो मरत नाही. नंतर २०१२ च्या सुमारास कोपनहेगन नियम आले, ते फेटलारवरच बसवलेत पण काठाला लागून रांगेत उभ्या असलेल्या सोंगट्या एकदम उचलायची सोय त्यात आहे. ऑनलाइन बहुतेक लोक हेच खेळतात.

ऋतुगंधा म्हणतेय ते शंभर टक्के खरं, हल्लेखोर खेळल्याशिवाय काही कळत नाही. आणि हल्लेखोरांचं पहिलं काम मारणं नाही, कोपरे बंद करणं आहे. हे कसं ते नीट सांगतो कारण मला कोणी सांगितलं नव्हतं.

घरं मोजायची पद्धत आधी ठरवू. पहिला आकडा डावीकडून कितवी उभी ओळ, दुसरा आकडा खालून कितवी आडवी ओळ. म्हणजे खालचा डावा कोपरा १-१. आता हा कोपरा बंद करायचा तर साहजिक वाटतं की त्याला चिकटून १-२ आणि २-१ या घरांत दोन सोंगट्या ठेवल्या की काम झालं. पण रिकामा कोपरा सगळ्यांनाच शत्रू असतो, म्हणजे कोपरा स्वतः चिमटीची एक बाजू होतो. समोरच्याने १-३ मध्ये सोंगटी आणली की तुमची १-२ वाली मेली. म्हणून तिरकी रांग करायची: ३-१, २-२, १-३. तीन सोंगट्या. तिरकं कोणी चालत नाही त्यामुळे या तिघांच्या मधून पलीकडे जाता येत नाही, आणि या तिघांतली एकही मारता येत नाही कारण मारायला एक शत्रू आतल्या बाजूला लागतो आणि आत कोणी जाऊच शकत नाही. कागदावर काढून बघा, पटेल.

चार कोपरे म्हणजे १२ सोंगट्या. २४ पैकी निम्म्या इथे लागल्या, उरलेल्या १२ नी वेढा आवळायचा. राजाच्या बाजूने खेळणारा हे होऊ द्यायचं नाही म्हणून सुरुवातीपासून धावपळ करणार. सगळा खेळ या शर्यतीचा आहे.

घोडा_अडीच_घरं

हे तिरक्या रांगेचं फारच आवडलं. वहीत काढून बघितलं, खरंच एकही मारता येत नाही. म्हणजे एकदा का चारी कोपरे बंद झाले की राजा हरलाच?

कोकणकडा

जवळपास हो, पण सावकाश. घाईघाईत मारामारी करायला गेलात की वेढ्याला भोक पडतं. आणि हो, हल्लेखोरांनी एकास एक मारामारी शक्यतो टाळावी. पट जितका मोकळा तितका राजा खूश, त्याला लांब धावायला वाटा मिळतात. बुद्धिबळात मोहरी जास्त असली की आपण अदलाबदल करत सुटतो ना, इथे ते अंगाशी येतं.

ऋतुगंधा

आता नियमांच्या भांडणाबद्दल, कारण ग्रुपमध्ये पट मांडायच्या आधी हे ठरवलं नाही तर संध्याकाळ फुकट जाते.

राजाला मारायला दोन सोंगट्या लागतात की चार? लिनियसची टिपणं लॅटिनमध्ये होती आणि ती इंग्रजीत छापून आली थेट १८११ साली. त्या भाषांतरातून असा अर्थ निघाला की राजा बाकीच्यांसारखा दोघांच्या चिमटीत मरत नाही. पुढे १९१३ साली बुद्धिबळाचा इतिहास लिहिणाऱ्या मरे यांनी ओळखलं की लिनियसचं टॅब्लुट हा जुन्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या खेळाचाच वंशज आहे, आणि मग सगळ्यांनी तेच नियम घेतले, राजाला कायम चार बाजूंनी घेरायचं. पण काठ गाठला की सुटका आणि मारायला चार जण, म्हणजे राजा हरणारच कसा! डाव एकतर्फी व्हायला लागले म्हणून लोकांनी वेगवेगळे उपाय काढले, कोणी सुटकेची जागा काठाऐवजी कोपऱ्यात नेली, कोणी राजाला हत्यारच वापरू देईनात, म्हणजे राजाने कोणाला मारायचंच नाही.

मूळ लॅटिन पुन्हा नीट वाचल्यावर चित्र वेगळं निघालं. राजा आपल्या मधल्या घरात बसलेला असेल तर चार बाजूंनी. मधल्या घराला लागून असेल तर उरलेल्या तीन बाजूंनी. आणि त्यापासून लांब, उघड्यावर आला की बाकीच्यांसारखाच दोघांत सापडतो. या नियमाने आम्ही खेळतो आणि डाव इतका तुल्यबळ होतो की दोन्ही बाजू शेवटपर्यंत टांगणीला. राजाला घरातून बाहेर पाऊल टाकताना विचार करावा लागतो. माझं म्हणणं आहे ९ बाय ९ वर हाच नियम घ्या, ११ बाय ११ वर फेटलार किंवा कोपनहेगन घ्या, आणि एकाचा नियम दुसऱ्या पटावर नेऊ नका. प्रत्येक पटाचा तोल त्याच्या त्याच्या नियमांत आहे.

गोदाकाठचा

सर्व मंडळींना नमस्कार. मी नाशिकचा, निवृत्त शिक्षक. वाचून वाघ-बकरी आठवली. आमच्या लहानपणी देवळाच्या ओट्यावर कोळशाने पट काढून खडे आणि चिंचोके घेऊन खेळायचो. तिथेही दोन बाजू सारख्या नसतात, वाघ थोडे आणि बकऱ्या पुष्कळ, वाघ उडी मारून बकरी खातो आणि बकऱ्यांनी मिळून वाघाला कोंडायचं असतं. नेपाळमध्ये बाघचाल म्हणून चार वाघ आणि वीस बकऱ्यांचा खेळ अजून घरोघरी खेळतात. आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या आणि लेण्यांच्या फरशांवर असे कोरलेले पट अजून दिसतात, लोक त्यावर पाय देऊन जातात. ज्यांना दिसतील त्यांनी फोटो काढून ठेवावेत ही विनंती.

ऋतुगंधा, एक विचारायचं होतं. या खेळाचा उल्लेख त्या लोकांच्या जुन्या वाङ्मयात कितपत येतो?

ऋतुगंधा

काका, बकऱ्यांना उडी मारता येत नाही आणि तरी त्या कोंडून जिंकतात, अगदी हाच आत्मा आहे. फक्त इथे निसटणाऱ्यासाठी एक मुक्कामाची जागा आहे, वाघाला तशी नसते.

वाङ्मयात भरपूर येतो. ऑर्कनी बेटांचा एक सरदार होता रॉग्नवाल्ड, बाराव्या शतकातला. त्याची एक कविता आहे, मला नऊ कला येतात म्हणून, आणि त्या यादीत सगळ्यात पहिली पटावरचा खेळ, मग रून लिपी, बर्फावर स्की, धनुष्य, वल्हवणं, वीणा आणि काव्य वगैरे. हर्वरची गाथा म्हणून एक जुनी नॉर्स गोष्ट आहे, तिच्यात कोड्यांची जुगलबंदी आहे, त्यात एक कोडं या खेळाचं आहे: शस्त्राशिवाय आपल्या राजाभोवती लढणाऱ्या त्या स्त्रिया कोण, एका रंगाच्या त्याला राखतात आणि दुसऱ्या रंगाच्या त्याच्यावर चालून जातात. आणि वोलुस्पा नावाच्या जुन्या काव्यात जगाच्या सुरुवातीला देव अंगणात हाच पट खेळतात, आणि सगळं जग बुडून नव्याने वर आल्यावर गवतात त्याच सोन्याच्या सोंगट्या पुन्हा सापडतात. इतक्या वरच्या जागी त्यांनी हा खेळ ठेवलाय.

आणि मेलेल्या माणसांबरोबर सोंगट्या पुरायचेही. स्टॉकहोमहून बोटीने बिर्का बेटावर जाता येतं, तिथे १८७८ मध्ये उघडलेल्या एका कबरीत तलवार, बाण, दोन घोडे आणि खेळाच्या सोंगट्यांचा संच होता. शंभरहून जास्त वर्षं सगळे तो पुरुष सरदार समजत होते, २०१७ मध्ये डीएनए तपासल्यावर ती स्त्री निघाली. मांडीवर सोंगट्या ठेवून पुरलेली स्त्री! आमच्या ग्रुपमधली फिनिश मैत्रीण, जी आमच्यात सगळ्यात चांगला वेढा घालते, तिने फोनचा वॉलपेपर तोच ठेवलाय.

सांजवात

अंगावर काटा आला हे वाचून. एस्टोनियात साल्मे इथे ज्या बोटी सापडल्या, साधारण इ.स. ७५० च्या, त्यातही सोंगट्या होत्या ना? डॉक्युमेंटरीत बघितल्यासारखं वाटतंय.

कोकणकडा

हो, शेकड्यांनी, हाडाच्या. आणि तिथल्या एका माणसाच्या तोंडात राजाची सोंगटी ठेवलेली होती. बोटीत जे पुरले ते लढाईत मेलेले, चाळीसच्या आसपास माणसं, आणि मूळचे बहुधा मध्य स्वीडनचे, म्हणजे ऋतुगंधाच्याच बाजूचे.

सोंगट्यांवरूनच आणखी एक. सहाव्या शतकाच्या मध्यापासून स्वीडनमधल्या कबरींत देवमाशाच्या हाडाच्या सोंगट्या एकदम मोठ्या संख्येने दिसायला लागतात, सगळ्या जवळजवळ एकाच साच्याच्या. २०१८ च्या एका अभ्यासात यावरून असं मांडलं गेलं की उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर तेव्हाच देवमाशांची पद्धतशीर शिकार सुरू झाली असणार, कारण वाहून आलेल्या एखाददुसऱ्या माशावर एवढा पुरवठा चालत नाही. खेळाच्या सोंगटीवरून व्यापाराचा माग लागतो, मला हे फार भारी वाटतं.

शिंपला

अपडेट द्यायला आले! बटणांचा पट केला. धाकटीला काळी बटणं दिली तर ती रडकुंडीला आली होती, पण दुसऱ्या दिवशी तिने दादाचा राजा कोंडला आणि मग सोसायटीच्या जिन्यात पट घेऊन बसली. आता वरच्या मजल्यावरच्या आजीसुद्धा खेळतात. एक शंका, राजा स्वतः मारू शकतो का? यावरून रोज वाद.

ऋतुगंधा

वा वा! धाकटीचं खूप कौतुक सांगा. राजा चिमटीची एक बाजू होऊ शकतो, बहुतेक नियमांत हो. आधी ठरवून घ्या आणि पटाच्या पाठीमागे लिहून ठेवा, वाद मिटतात.

आमच्याकडे तर नावंही ठरलीयेत. नवऱ्याच्या त्या कोल्हापूरच्या मित्राला पहिल्याच दिवशी पन्हाळ्याचा वेढा दिसला, तेव्हापासून रक्षक म्हणजे मावळे आणि हल्लेखोर म्हणजे सिद्दीचं सैन्य. स्वीडिश मित्रांना त्याने १६६० ची आख्खी गोष्ट सांगितली, शिवा काशीद, बाजीप्रभू, घोडखिंड, आणि आता तेही ‘मावळे मला दे’ म्हणतात. एखादा मावळा मुद्दाम मरायला पुढे केला आणि त्यामुळे राजाची वाट उघडली तर सगळे टाळ्या वाजवतात, मग तो कोणाच्याही बाजूचा असो.

घोडा_अडीच_घरं

मी ठरवलंय, ११ बाय ११ चा पट काढून घेतलाय. इथेच धाग्यावर एक डाव खेळूया का? रोज एक चाल. मी हल्लेखोर घेतो, तुम्ही सगळे म्हणताय तर. कोपनहेगन नियम. कोकणकडा यांची मोजायची पद्धत. प्रत्येक काठावर मधोमध पाच आणि पुढे एक, बरोबर ना? म्हणजे खालच्या काठावर माझ्या ४-१ ते ८-१ आणि पुढे ६-२.

चाल: ४-१ वरून ३-१. कोपऱ्याची तिरकी रांग सुरू.

ऋतुगंधा

खेळूया! राजा ६-६ वर, मावळे त्याच्याभोवती.

माझी चाल: ५-५ वरून सरळ खाली ५-२.

कोकणकडा

काय चाल आहे! वाचणाऱ्यांसाठी सांगतो. ४-१ वाली सोंगटी जागेवर असती तर ती एक घर वर ४-२ ला येऊन हा मावळा मारता आला असता, ४-२ आणि ६-२ च्या चिमटीत. ती कोपऱ्याकडे सरकली आणि तेवढ्यात मावळा आत घुसला. आता ऋतुगंधाचा ७-५ वरचा मावळा ७-२ ला उतरला की ६-२ वाली गेली. घोडा, तिथे लक्ष द्या.

घोडा_अडीच_घरं

दिसलं. ७-१ वरून ७-२, जागाच अडवतो. दोन बाजूंनी कोपऱ्याची रांग पुढे न्यायची आणि मधलंही सांभाळायचं, आत्ता कळतंय तुम्ही हल्लेखोरांबद्दल काय म्हणत होतात ते. तुमची चाल.